चुन्याची निवळी

बालीगंज, कलकत्ता
२३ जानेवारी १९७९

लीनाताई,

दोन वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. मायन्यात नमस्कार राहिला, तो इथं घे.

मी कॉलेज सोडल्याचं बाबांनी, म्हणजे तुझ्या मामांनी, तुला कळवलं असेलच, त्यांच्या पद्धतीनं. माझी बाजू एवढीच: केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर माझी वही फेकली, मी ती उचलून परत त्यांच्याकडं फेकली. आता बाबा म्हणतात बराकपूरला त्यांच्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडं कारकून हो. मी नाही म्हणालो. त्यामुळं घरात सध्या आई मधे बसून निरोप पोचवते.

काम असं. आमच्या वरच्या मजल्यावर शरच्चंद्र काका राहतात, तीन वर्षं सरकारी नोकरीत पोर्ट ब्लेअरला होते. त्यांची मुलगी कालिंदी पाठीच्या दुखण्यासाठी महिन्यापूर्वी मिरजेला नेलीय, तू नर्स आहेस त्याच हॉस्पिटलात. सोबत तिची आई, शकुनकाकू, आहेत. काकांनी अंदमानातून येताना एक जिवंत प्रवाळ आणला. दगडासारखा दिसतो, पण जनावर आहे. तीन फुटी काचेच्या टाकीत, समुद्राच्या पाण्यात असतो. त्याला सदतीस तोंडं आहेत, हिरवट, मऊ, बटणाएवढी. रोज चार वाजता कालिंदी त्यांना वाटलेली कोळंबी भरवायची आणि मोजायची. मी शेजारी उभा राहून चुकीचं मोजायचो, म्हणजे तिला परत मोजावं लागायचं.

जाताना तिनं मला त्या खोलीची किल्ली दिली. म्हणाली, "दिगंबर, मी येईपर्यंत हा मरता कामा नये." स्ट्रेचरवर होती.

ताई, तो मरतोय. तोंडं मिटलेली आहेत. कडेनं मांस मागं सरून पांढरं हाड दिसायला लागलंय. काकांच्या परदेशी मासिकात लिहिलंय की याला हाड बांधायला कॅल्शियम लागतं. ज्या बाटल्या सांगितल्यात त्या इथं मिळत नाहीत. पण बाटलीत काय असतं ते बारीक अक्षरात छापलंय, आणि तो आपला पानाचा चुना आहे. दुसरा आहे खाण्याचा सोडा. तिसरं जुलाबाचं मीठ. सगळं आमच्या कोपऱ्यावर मिळतं. फक्त किती, ते माहीत नाही. प्रमाण शिकायच्या आत मी बाहेर पडलो.

तू आयुष्यभर प्रमाणातच देत आलीस. सांग. आणि तिला एकदा बघून ये. माझं नाव सांगू नकोस. किंवा सांग.

दिगंबर


मिरज
३१ जानेवारी १९७९

चि. दिगूस,

मामांचं पत्र आलं होतं, त्यात तू सरांना मारलंस असं होतं. वही फेकली हे त्यामानानं बरंच आहे.

तुझा रोगी मी बघितलेला नाही, पण चुना मला माहीत आहे. आपल्याकडं लेकराला दात यायला लागले की आणि बाईला दिवस गेले की चुन्याची निवळी देतात, तीच कर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा चुना. ढवळ, झाकण लाव, दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नकोस. खाली गाळ बसेल, वर साय धरेल. साय बाजूला सारून मधलं स्वच्छ पाणी तेवढं घे. टाकीतलं जेवढं पाणी रोज उडून जातं, तेवढीच निवळी घाल, जास्त नाही. आणि थेंबाथेंबानं घाल, एकदम ओतलीस तर भाजेल तो. सोबत सलाईनचा वापरून धुतलेला संच पाठवतेय, काचेची थेंबनळी आणि चिमटा आहे. मिनिटाला वीस थेंब. आम्ही माणसांनाही साधारण असंच लावतो.

सोडा वेगळ्या दिवशी, चिमूटभर, पाण्यात विरघळवून. जुलाबाचं मीठ पंधरा दिवसांनी एकदा. चुना आणि सोडा एका वेळी कधीही नाही. का ते पेल्यात करून बघ, कॉलेजात घ्यायचं राहिलेलं शिक्षण होईल.

कालिंदीला बघितलं. माझ्याच वॉर्डात आहे. विश्रांती सांगितलीय, बाकी ठीक. तुझं नाव सांगितलं. तिनं विचारलं, "मोजतो का नीट?"

मी म्हटलं, मला कोण सांगणार.

लीनाताई


बालीगंज
२ मार्च १९७९

लीनाताई,

उघडली. सदतीसच्या सदतीस. चौथ्या दिवशी चार वाजता एक उघडलं, मग बाजूचं, आणि आठवड्यात सगळा फुलून बशीएवढा झाला. तिला सांग, बरोबर मोजलीत, तीन वेळा.

चुना आमच्या गल्लीतल्या पानवाल्याकडून आणतो. इथं तो शिंपल्या भाजून करतात. म्हणजे समुद्राचंच समुद्राला. पानवाला म्हणतो, दादा, रोज वाटीभर चुना, घरात किती जण पान खाता? मी सांगितलं, सदतीस. तेव्हापासून जरा लांबूनच देतो.

पेल्यातला प्रयोगही केला. निवळीत सोड्याचं पाणी घातलं आणि क्षणात दूध झालं. मग ते खाली बसलं, पीठ बसतं तसं. पाणी वरून पुन्हा स्वच्छ.

आता जे लिहितोय ते वाचून हसू नकोस. २२ फेब्रुवारीला, गुरुवारी, बरोबर चार वाजता मी कोळंबीची वाटी घेऊन टाकीसमोर उभा होतो. सगळी तोंडं एकदम मिटली. एकामागून एक नाही. डोळा मिटावा तशी. मी हात लावला नव्हता, वाटी अजून हातात होती, वीज चालू होती, हवेचा पंप चालू होता. खाली रस्त्यावर काही गेलं नाही. मी तिथंच उभा राहिलो, आणि ताई, मला असं वाटलं की खोलीतून आत्ता कुणीतरी बाहेर गेलं.

त्या दिवशी तिथं काही झालं का? तिनं मला अजून एक ओळही लिहिलेली नाही. लिहीत नसेल तर नसेल, पण का ते कळव.

दिगंबर


मिरज
१० मार्च १९७९

चि. दिगू,

घाईत लिहितेय. २२ तारखेला इथं काहीही झालं नाही. गुरुवार होता, माझी ड्यूटी होती, नेहमीसारखाच दिवस. एवढ्या नाजूक जनावराला ट्रकच्या धक्क्यानंही मिटायला होत असेल, तुला ऐकू आला नसेल. रिकामं डोकं आहे तुझं सध्या, बराकपूरला जा, चार माणसांत बसशील.

कालिंदी बरी आहे. आडवं पडून लिहिता येत नाही म्हणून लिहीत नाही.

लीनाताई

ता. क. ती तोंडं परत कधी उघडली? वार आणि वेळ आठवत असेल तर लिही. सहज विचारतेय.


बालीगंज
१९ मार्च १९७९

लीनाताई,

सहज कुणी वार विचारत नाही.

शनिवारी उघडली. २४ तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास. छत्तीस. मागं सदतीस लिहिली ती त्या गुरुवारच्या आधीची. समोरच्या बाजूला अगदी खाली डावीकडं एक आहे ते अजून मिटलेलंच आहे. मेलेलं नाही, मांस जागेवर आहे. पण उघडत नाही. मी त्याच्यासमोर कोळंबी धरून बसतो.

इथं लोडशेडिंगनं जीव नकोसा केलाय. दिवसाला पाच-सहा तास वीज नाही. हवेचा पंप बंद पडला की पाणी श्वास सोडतं, म्हणून मी सायकलचा पंप लावून हातानं हवा मारतो. परवा तीन तास मारली. बाबा जिन्यातून वर आले, बघून म्हणाले, "एवढी मेहनत वर्गात केली असतीस तर." मी म्हणालो, वर्गात कुणी मरत नव्हतं. आईनं त्या दिवशी निरोप पोचवायचंही बंद केलं.

आणखी एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. शरच्चंद्र काका ऑफिसातून आले की टाकीजवळ खुर्ची ओढून बसतात. मला वाटायचं बघत असतील. काल मी दाराशी थांबलो होतो. ते खालच्या आवाजात म्हणत होते, "कालू, आज जेवलीस का काही?" मग थांबले, उत्तर ऐकतात तसे, आणि मान हलवून म्हणाले, "थोडं खावं गं." मी आवाज न करता खाली आलो. थेंबनळीतून निवळी पडत होती, टप, टप, आणि मला वाटलं मी मिरजेत तुझ्या वॉर्डात उभा आहे.

मला कळलंय की तू काहीतरी लपवतेस. मी येतो. तिकिटापुरतं घड्याळ विकून येईन, पण येतो. काका दिवसभर ऑफिसात, आणि टाकी कुणाकडं द्यायची तेवढंच ठरायचंय.

दिगंबर


मिरज
२८ मार्च १९७९

चि. दिगू,

येऊ नकोस. कारण सांगते, आणि हे सांगायला मला कालिंदीनंच सांगितलंय.

तिचं लग्न ठरलं आहे. शकुनवहिनींच्या नात्यातला कोल्हापूरचा मुलगा आहे, प्रमोद नाव, शेतकी खात्यात आहे. इथं दोनदा येऊन गेला. ती बरी झाली की होईल. तिच्या मनासारखं आहे. तुझ्याबद्दल तिला आपुलकी आहे, शेजारपाजारची असते तशी. टाकीचं तू केलंस त्याबद्दल आभार सांगितलेत आणि म्हणाली, आता त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, दिगंबरला त्यातून मोकळं कर.

तू एकवीस वर्षांचा आहेस. राग येईल, मग जाईल. घड्याळ विकू नकोस.

लीनाताई


बालीगंज
५ एप्रिल १९७९, गुरुवार

लीनाताई,

आभार पोचले.

तुझं पत्र दुपारी दीड वाजता आलं. तीन वाजेपर्यंत मी ते वाचत होतो. मग पानवाल्याकडं गेलो, चुन्याचा डबाच उचलून आणला. घरातून खाण्याच्या सोड्याचं नवं पुडकं घेतलं. चार वाजता वर गेलो. छत्तीस तोंडं उघडी होती, जेवणाच्या वेळेला उघडतात तशी, वाट बघत. मला ओळखतात. माझी पावलं पायरीवर वाजली की पसरतात. आजही पसरली.

आधी सोडा ओतला, सगळा. मग चुना, गाळासकट.

सांगतो कसं झालं, तिला वाचून दाखव. काचेच्या आत बर्फ पडायला लागला. मी बर्फ कधी बघितला नाही, पण असाच पडत असणार, आवाज न करता, सगळीकडून सारखा. आधी मागची काच दिसेनाशी झाली. मग समोरची. मग पाणीच उरलं नाही, नुसता पांढरा. मी काचेला नाक लावून उभा होतो आणि माझ्या तोंडावर त्याचा उजेड पडला होता. पाऊण तासानं ते खाली बसायला लागलं. प्रवाळ दिसायला लागला तेव्हा त्याच्यावर बोटभर पांढरा थर होता, चादर ओढतात तसा, डोक्यावरून.

एकही तोंड दिसत नाही. मोजायला काही राहिलं नाही. सांग तिला.

काका आले तेव्हा मी तिथंच होतो. खुर्ची ओढून बसले, आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, "हिला थंडी वाजतेय का रे?"

मी सियालदहला स्टेशनवर जाऊन हे पत्र टाकतोय, म्हणजे लवकर मिळेल. लवकर मिळावं अशी माझी इच्छा आहे.

दिगंबर


मिरज
३ एप्रिल १९७९

दिगू,

तुला आधीचं पत्र मिळायच्या आत हे मिळावं असं देवाजवळ मागतेय, पण ते निघून सहा दिवस झाले.

प्रमोद नावाचा कुणी नाही. कोल्हापूरचं कुणी नाही. कालिंदीला मणक्याचा क्षय आहे. छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमधे आहे, वर्षभर असेल, उठेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. तिनं मला शपथ घातली की दिगंबरला लग्न ठरल्याचं लिही, नाहीतर तो आयुष्य माझ्या उशाशी घालवेल. मी लिहिलं. अकरा वर्षं नर्स आहे, रोग्याचं ऐकायची सवय लागली.

पण मला झोप नाही, आणि कारण वेगळंच आहे. २२ फेब्रुवारीला तिचं ऑपरेशन झालं. भूल दिली तेव्हा थिएटरातल्या घड्याळात मी चार बघितले होते. शुद्ध नीट यायला दोन दिवस लागले. शनिवारी सकाळी दहाला तिनं डोळे उघडले, मी चार्टवर लिहिलंय, माझ्या अक्षरात. आणि तिचा डावा पाय अजून हलत नाही. बोटंही नाहीत. बाकी सगळं हलतं, डावा पाय नाही.

हे मी कुणाला सांगू शकत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर मलाच खाटेवर झोपवतील. योगायोग म्हणते आणि पुन्हा चार्ट काढून बघते.

दिगू, निवळी थांबवू नकोस. मिनिटाला वीस थेंब. मला हे लिहिताना लाज वाटते, पण थांबवू नकोस.

लीनाताई


मिरज
११ एप्रिल १९७९

दिगू,

तुझं गुरुवारचं पत्र आज आलं. रागवायला आत्ता वेळ नाही, नीट वाच.

गुरुवारी चारला मी कालिंदीला थर्मामीटर लावत होते. ती म्हणाली, "सिस्टर, खिडकी कुणी रंगवली?" मी म्हटलं, कुठली खिडकी. ती म्हणाली, "ही. आणि भिंत. आणि तुम्ही." पाच वाजता तिला काहीच दिसेनासं झालं. काळोख नाही, पांढरं. शकुनवहिनी तिचा हात धरून रडतात आणि ती त्यांनाच समजावते.

डॉक्टर म्हणतात क्षयाच्या एका गोळीनं डोळ्यांवर असा परिणाम कधीकधी होतो, ती गोळी बंद केली की नजर परत येऊ शकते. बंद केलीय. मीही तेच धरून बसले होते, तुझं पत्र फोडेपर्यंत.

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. पाकीट हातात होतं एवढंच. कागदाचा आवाज ऐकून ती म्हणाली, "दिगंबरचं ना?" मी पाकीट खिशात घातलं. मग ती म्हणाली, "त्याला म्हणावं, हातानं पुसू नको. सोलवटतं. फुंकर घाल."

तू काय केलंस ते या खोलीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

घाल फुंकर.

लीनाताई


बालीगंज
२० एप्रिल १९७९

ताई,

तुझं तीन तारखेचं पत्र मला नऊ तारखेला मिळालं. त्याच तासापासून मी वर आहे. फुंकरीचं तुझं पत्र यायच्या आधीच मी सायकलचा पंप हातात घेतला होता. नळीच्या तोंडाला सलाईनची बारीक काच लावली आणि पाण्याखालून हवा मारत गेलो, एका वेळी नखाएवढी जागा. हात लावला नाही, हे तिला सांग. हात लावावासा फार वाटला.

श्यामसुंदर म्हणून पोर्ट ब्लेअरच्या बोटीवर खलाशी आहे, तोच काकांना समुद्राचं पाणी आणून देतो. खिदिरपूरला गोदीच्या फाटकावर दोन दिवस त्याची वाट बघितली. अकरा डबे मिळाले. टाकीतलं पाणी तीन वेळा बदललं. बाबांना पहिल्यांदाच मी होऊन हाक मारली, कारण डबे जिन्यावरून एकट्यानं चढेनात. त्यांनी शर्ट काढला, सहा डबे वर आणले, टाकीकडं बघितलं आणि विचारलं, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, मी. ते टाकीपाशी खाली बसले. मग म्हणाले, "पंप दे इकडं, तू जेवून ये." बराकपूरचा विषय त्यांनी काढला नाही. मी होऊन सांगितलं की जाईन. मिरजेचं भाडं आणि वर्षभराचं राहणं त्यातून निघेल. इतके दिवस मी जातोय की नाही हा त्यांच्या-माझ्यातला वाद होता, आता तो वाद कशाबद्दल होता तेही आठवत नाही.

थर निघाला. खालचं सगळं पांढरं आहे, हाड कुठलं आणि चुना कुठला कळत नाही. निवळी चालू ठेवली. मिनिटाला वीस थेंब. सोडा घरातून काढून टाकलाय, आई भजी बिनसोड्याची करते.

काका रोज येऊन बसतात. मी आता दाराशी थांबत नाही, शेजारी बसतो. ते विचारतात, मग आम्ही दोघं थांबतो. अकरा दिवस उत्तर आलं नाही. मला तर कधीच ऐकू येत नव्हतं, पण काकांनाही येत नसावं, कारण त्यांनी मान हलवली नाही.

आज शुक्रवार. चार वाजता वीज गेली. बाबा पंप मारत होते, काका आज रजेवर, खुर्चीत, मी काचेशी. खिडकीतून ऊन तिरपं येऊन टाकीच्या खालच्या भागावर पडलं होतं. समोर, खाली, डावीकडं. जे फेब्रुवारीपासून मिटलेलं होतं, ते. आधी कडेला एक हिरवी रेघ दिसली. मग ती फाकली. मी बाबांना थांबा म्हणालो नाही, भीती वाटली. ते पूर्ण उघडलं, ताई. बाकीची छत्तीस अजून पांढरी, आणि तेवढं एक उघडं, आमच्याकडं.

मी कोळंबी धरली. त्यानं घेतली.

काकांनी मान हलवली.

हे पत्र मिळेल तेव्हा उठून तिच्या खाटेशी जा. डोळ्यांचं आधी विचारू नकोस. तिच्या डाव्या पायाच्या बोटांना हात लाव आणि विचार, शुक्रवारी चार वाजता काय झालं. ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिही. आणि ती काही म्हणाली नाही, तर तेही लिही. तिनं कितीही शपथा घातल्या तरी या खेपेला खोटं लिहू नकोस. मला इथं सगळं कळतं.

दिगंबर